एका मिनिटाचा पाक

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, कोलेस्टेरॉलमुळे आमच्या घरात ओट्स आले, आणि मामाजींमुळेच ते डब्यात पडून राहिले. जूनमध्ये पेरणीच्या आधी त्यांची रक्ततपासणी झाली. डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीवर खाली पेनाने 'ओट्स' असं लिहून दिलं. नागपूरच्या माझ्या दिरांना फोनवर हे कळलं, अन् दुसऱ्याच दिवशी गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती त्यांनी किलोभराचं पाकीट धाडलं. मामाजींनी दोन सकाळी दुधातले ओट्स मुकाट्याने खाल्ले. तिसऱ्या दिवशी वाटी पुढे सरकवून विचारलं, "हे मी खाऊन राहिलो, का गाय?"

चेष्टेत म्हणाले, पण त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या वर्धा जिल्ह्यात कुणी ओट पेरला तर तो जनावरांसाठीच पेरतो. रब्बीचा हिरवा चारा. 'केंट' जातीचं बियाणं त्यासाठीच मिळतं. मी त्यांना समजावून पाहिलं, की यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९७ मध्ये पाकिटांवर तसं छापायला परवानगीसुद्धा दिली. मामाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. उद्या उकडपेंडी कर."

तो चिकट तंतूच तर त्यांना नको होता.

श्रावण संपत आला तेव्हा डबा उघडला तर दोन सोंडे फिरताना दिसले. पाखडून, ताटात पसरून ते काढले. उन्हात घालायला ऊनच नव्हतं. आता हे संपवलं नाही तर खरंच गोठ्यात जाईल, असं वाटलं. पोळा आठवड्यावर आलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल ओढत लेकरं घरोघर येतात, बैलाला ओवाळायचं आणि लेकरांच्या हातावर बोजारा ठेवायचा. बोजारा म्हणजे पैसे, नाहीतर खाऊ. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावाला हा सण केवढा मोठा होतो, तिथले लाकडी बैल माणसापेक्षा उंच असतात. आमच्या गावचे बैल वीतभर-हातभरच, पण लेकरांची रांग काही लहान नसते. गेल्या वर्षी चाळीसेक आली होती. चाळीस लेकरं आणि किलोभर ओट्स. भाचीने मोबाइलवर एक कृती पाठवली होती: चॉकलेट ओट्स कुकीज, भट्टी न लावता, एका मिनिटाच्या उकळीत.

कृती अगदी छोटी आहे. २ कप साखर, अर्धा कप दूध, अर्धा कप लोणी, पाव कप कोको पावडर. हे सगळं एकत्र उकळायचं. खळखळ उकळी आली की घड्याळ लावून एक मिनिट. गॅस बंद करायचा, त्यात अर्धा कप शेंगदाण्याचं बटर, चमचाभर व्हॅनिला आणि ३ कप ओट्स घालायचे. भराभर ढवळून चमच्याने कागदावर गोळे टाकायचे. निवले की झाल्या कुकीज. ही मूळची अमेरिकेतली घरगुती चीज. तिथे काही भागात हिला 'प्रीचर कुकीज' म्हणतात. गोष्ट अशी सांगतात, की चर्चचा उपदेशक दुरून घोड्यावर येताना दिसला की बाई या करायला घ्यायची, आणि तो दारात पोचेपर्यंत ताट तयार. मला हे लगेच पटलं. आमच्याकडे फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कढईत कणीक भाजायला घेतात. पाहुणा चालत घरी येऊन पाय धुवेस्तोवर उकडपेंडी.

'भट्टी न लावता' याचं मात्र मला हसू आलं. आमच्या घरातलं काय भट्टीत होतं? लाडू, वडी, शिरा, चिक्की, सगळं चुलीवर नाहीतर गॅसवर. भाजणं म्हणून जे काही आहे ते घरात होतच नाही, शेतात होतं. मारुतीच्या पारापाशी गोवऱ्यांचा आर करून त्यात रोडगे पुरायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आणि दुसरं म्हणजे बेकरी. मी लहान असताना दिवाळीआधी माय रवा, मैदा, पिठीसाखर आणि घरचं तूप डब्यात भरून द्यायची, बाबा ते सायकलवर तालुक्याच्या बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणायचे. मी दांडीवर बसून जायचे. गावोगावच्या डब्यांची रांग, प्रत्येकाच्या झाकणावर खडूने नाव. एका वर्षी आमचं नाव पुसलं गेलं असावं, कारण घरी येऊन डबा उघडला तर डालड्याचा वास. आमची साजूक तुपाची नानकटाई कुणीतरी आनंदाने खाल्ली असणार. माय दिवाळी होईपर्यंत धुमसत होती, अन् बाबा परत विचारायला जायला तयार नव्हते. "आता का प्रत्येकाच्या घरी जाऊन हुंगू?" म्हणायचे.

पण ही कृती मला आवडली ती भट्टीसाठी नाही, घड्याळासाठी.

पाकाशी माझं वैर जुनं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी तिळाच्या लाडवांचा पाक हौसेने करायला घेतला. गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून, मग ताटावर आपटून टण् आवाज आला पाहिजे हे मायकडे पाहिलेलं होतं. तो टण् जरा जास्तच झाला. लाडू वळले खरे, संध्याकाळपर्यंत त्यांचे गोटे झाले. दिरांनी खलबत्ता आणून बत्त्याने फोडले आणि तिळगूळ घ्यायला आलेल्यांना तुकडे वाटले. एकोणीस वर्षं झाली, दर संक्रांतीला ही गोष्ट निघते. तेव्हापासून पाक आत्याबाई करतात, मी तीळ भाजते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे शब्द मला येतात, बोटांना येत नाहीत. आणि इथे कुणीतरी सांगत होतं की तारबीर काही पाहू नका, एक मिनिट मोजा. मोजता तर मला येतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी झाली. आमच्याकडे अजून एक जोडी आहे. मामाजींनी दोघांच्या खांद्याला लोणी-हळद चोळली आणि कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्यासाठी काढलेलं लोणी बरंच उरलं. मी ते कुकीजसाठी वाटीत धरून ठेवलं. पोळ्याच्या दिवशी दाराशी ठेवायला पळसाच्या डहाळ्या आणल्या होत्या, त्यातली मोठी पानं बाजूला काढली. बटर पेपर आमच्या गावात कुठून येणार? पळसाचं पान वरून गुळगुळीत असतं, तुपाचा हात फिरवला की काहीही चिकटत नाही. तिघांतलं मधलं पान सगळ्यांत मोठं, त्यावर चार गोळे आरामात बसतील असा हिशेब केला.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आधी फल्लीदाण्याचं बटर. दाणे भाजून, सालं पाखडून मिक्सरमध्ये घातले. पहिल्या फेरीत रोजचं कूट झालं. इथे आपण सगळे थांबतो, कारण भाजीला एवढंच लागतं. मी थांबले नाही. कुटाचा ओलसर गोळा झाला, भांड्याला चिकटला, मिक्सर घरघर करायला लागला. बंद करून, कडा खरवडून पुन्हा चालू. वाटलं काही होत नाही. मग अचानक आवाज बदलला. घरघर जाऊन लपलप सुरू झाली, आणि झाकण काढलं तर आत गंधासारखं चकचकीत पातळ. पाण्याचा थेंब घातला नव्हता, तेलाचाही नाही. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, ते बाहेर पडून आपल्याच कुटाला भिजवतं. एवढी वर्षं त्या एका मिनिटाच्या अलीकडे थांबत आले होते.

मग मोठा गंज चढवला. चाळीस लेकरं म्हणून सगळं दुप्पट घेतलं. साखर, दूध, लोणी, कोको. बाहेर पावसाची झड लागलेली. कडेकडेने बुडबुडे यायला लागले तशी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, साठ सेकंद मोजले, गॅस बंद केला. दाण्याचं बटर, व्हॅनिला, ओट्स. वास असा सुटला की ओसरीवरून मामाजी आत येऊन गेले. पानांवर गोळे टाकले. टाकले म्हणजे टाकताच ते पसरले. चाराचं एक झालं. पाऊण तास झाला, तासही झाला, पानावर चॉकलेटचं सारवण तसंच. फ्रिजमध्ये ठेवावं म्हटलं तर लाइट गेलेली. झड असली की ती जातेच.

आत्याबाई दारात येऊन बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

तेवढ्यात बाहेर घुंगरं वाजली.

काय करणार! पानाचा एकेक तुकडा फाडला, चमच्याने त्यावर ते सारवण घातलं, आणि बोजारा म्हणून तेच वाटायला लागले. धोतर नेसलेली, टोप्या घातलेली, कपाळावर गुलाल, पावसाने अर्धी भिजलेली पोट्टी. आधी त्यांच्या बैलाला ओवाळायचं, मग पान हातात. लेकरांनी एक शब्द विचारला नाही. पान तोंडाला लावून चाटलं, अन् हात चड्डीला पुसून दुसऱ्या घरी. शेजारच्या घरचं धाकटं, पाच वर्षांचं, ते मात्र पान घेऊन खाली बसलं. बोट बुडवलं आणि आधी आपल्या लाकडी बैलाच्या तोंडाला लावलं. दोन्ही नाकपुड्यांना, व्यवस्थित. पोळ्याला बैलाने खाल्ल्याशिवाय आपण खात नाही, एवढं त्याला माहीत होतं. मी बैलाचं तोंड पुसायला पदर घेतला, तर आत्याबाई मागून म्हणाल्या, "राहू दे व. जेवून राहिला थो."

लेकरं गेल्यावर त्या गंजापाशी आल्या. उरलेलं बोटावर घेऊन पाहिलं. "पाक कच्चा राह्यला तुहा," म्हणाल्या. मी म्हटलं, एक मिनिट मोजून उकळलं. "पाकाले का घड्याळ दिसते?"

त्या रात्री पडल्या पडल्या मी सगळं पुन्हा मनात उकळवलं. पाणी शंभर अंशांना उकळतं. साखरेचं पाणी मात्र जसजसं आटतं तसतशी त्याची उकळी वर चढत जाते. कुकीज जमायला ती साधारण ११२ ते ११६ अंशांपर्यंत चढावी लागते, आपला गोळीबंद पाक याच्याच आसपासचा. म्हणजे ते एक मिनिट वेळेसाठी नव्हतंच, एवढं पाणी उडायला लागणारा तो अंदाज होता, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, त्यांच्या पातेल्यात, त्यांच्या शेगडीवर घेतलेला. मी काय केलं होतं? माल दुप्पट घेतला आणि मिनिट एकच ठेवलं. पसरट कढई सोडून खोल, अरुंद गंज घेतला, त्यातून वाफ निघायला जागा कमी. कडेचे बुडबुडे दिसताच मोजायला लागले. खळखळ उकळी म्हणजे ढवळलं तरी न मोडणारी, सबंध भांडं उकळणारी उकळी, तेव्हापासून मोजायचं होतं. वर पावसाळी हवा. साखर हवेतलं पाणी ओढते, डब्यातली साखर ओलसर होते हे रोज पाहतो आपण.

आणि लोणी. पाकिटातल्या बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो. घरचं लोणी कितीही धुतलं, पिळलं, तरी पाणी धरून ठेवतं. लोणी कढवायला ठेवलं की जो तडतड आवाज येतो, तो त्या पाण्याचाच. तडतड थांबली की तूप झालं, हे मला माझ्या मायने शिकवलं होतं. चार वाट्या साखरेच्या पाकात मी बैलांच्या वाट्याचं ओलं लोणी घातलं, आणि वर घड्याळ बघत बसले.

सहा-सात दिवसांनी पावसाने उघडीप दिली. दुपारी आत्याबाईच म्हणाल्या, "कर ना थे पुन्हा. ओट हायेत का संपले?" पाकीट तळाला गेलं होतं. तीन कप भरायला कपभर कमी पडत होते. आत्याबाईंनी पाकिटातले चार दाणे तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ धरले, चुरगाळले, तोंडात टाकले. "हे तं पोहेच होय व." खरंच आहे. ओट्स वाफवून रुळाखाली चपटे करतात, आपण भात भिजवून, भाजून कांडतो, एवढाच फरक. म्हणून तर दोन्ही न शिजवता पोटात जातात, आणि म्हणून या कुकीजना भट्टी लागत नाही. कमी पडलेल्या कपाच्या जागी पातळ पोहे कोरडे कुरकुरीत भाजून घेतले.

या वेळी कढई, एकपट माल, आणि लोण्याऐवजी तूप, थोडं कमी. उकळी आली. आत्याबाईंनी सवयीने उलथन्यावरचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून तार पाहिली. नाही दिसली. पुन्हा पाहिली. तुपाने बोटं बुळबुळीत, कोकोने पाक काळाकुट्ट, तार धरतच नव्हती. दूधही मध्ये. आयुष्यभर गूळ आणि साखर यांच्या तारा बघितलेली बाई क्षणभर तशीच उभी राहिली, बोटं समोर धरून. मला कसंसं झालं. मग त्या म्हणाल्या, "वाटीत पाणी आण."

पहिला थेंब पाण्यात पडला आणि विरघळून तपकिरी ढग झाला. थोड्या वेळाने दुसरा, त्याचे धागे सुटले पण तळाशी जाऊन पसरले. आम्ही दोघी वाटीवर वाकलो होतो. तिसरा थेंब सरळ तळाशी बसला. आत्याबाईंनी मला खूण केली, म्हणून मीच बोट घातलं. थेंब बोटाखाली गोळा झाला, मऊ, कानाच्या पाळीएवढा मऊ, उचलला तर हळूहळू चपटा होणारा. "आता," मी म्हटलं. आत्याबाईंच्या आधी म्हटलं. सवयीने घड्याळाकडे लक्ष गेलं तर खळखळीपासून दोन मिनिटं वीस सेकंद झाले होते.

गॅस बंद, दाण्याचं बटर, ओट्स, पोहे. या वेळी घाई करावी लागली, कारण कढईतच घट्ट व्हायला लागलं. धुऱ्यावरची पळसाची पानं धुऊन, तूप लावून ठेवलेली होती. गोळे पडले तसेच बसले, पसरले नाहीत. पहिल्यांदा ओल्या चिखलासारखे चमकत होते. मग मी पाहत असतानाच एकेकाची चमक जायला लागली. कडेकडून आत, जशी सारवलेली जमीन वाळते. साखरेचे बारीक स्फटिक धरायला लागले की ही चकाकी जाते. अर्ध्या तासात सगळे मंद, मातकट. उचलले तर पानापासून सुटे, आणि खालच्या बाजूला पळसाच्या शिरांची बारीक नक्षी उमटलेली. साच्यातून काढल्यासारखी नाही, पण होती.

पोह्यांनी कुरकुरीतपणा आला, तो नुसत्या ओट्सने आला नसता असं माझं मत आहे. भाचीला कळवलं तर तिने नाक मुरडल्याचं चित्र पाठवलं.

सव्वीस झाल्या. हिशेबाची सवय जात नाही म्हणून सांगते: चारशे ग्रॅम साखर सव्वीस जागी म्हणजे एकीत १५ ग्रॅम, तीनेक चहाचे चमचे. त्यावर तूप आणि दाणे. कोलेस्टेरॉलसाठी आणलेल्या पाकिटाचं आम्ही हे केलं. मामाजींना एकच दिली. रात्री डबा पाहिला तर तीन कमी होत्या, आणि ओसरीवर दातात अडकलेला ओट काढण्याचा आवाज येत होता. "चारा आवडला का?" मी विचारलं. "पचाले हलका हाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारचं धाकटं अंगणात खेळत होतं. लाकडी बैल अजून बाहेरच, तोंडावर तपकिरी डाग वाळून बसलेला, त्यावर दोन मुंग्या. मी त्याला हाक मारली आणि नीट जमलेली, शिरांची नक्षी असलेली एक कुकी त्याच्या हातावर ठेवली. त्याने उलटसुलट करून पाहिली. दाताने जरा कुरतडली. मग माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे मान लांब करून बघायला लागला.

"काकू, थे पानावर चाटाचं नाई काय?"